चित्राशेजारची खुर्ची

"उचलतोस तर नीट उचल, अर्ध्यावर सोडू नकोस," मेहुणी ओरडली, आणि नळवाल्यानं दोन्ही मुठी घट्ट धरून चाकांची खुर्ची आणखी एक पायरी वर ओढली. खुर्चीत त्याची बायको होती. संग्रहालयाच्या पायऱ्या रुंद आणि दिमाखदार होत्या. चालता न येणारं माणूसही कधी इथं येईल, हे बांधणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसावं. बाजूला एक उतार होता, पण त्याच्या फाटकाला कुलूप होतं आणि किल्ली ज्याच्याकडे होती तो जेवायला गेला होता. त्याची वाट बघायला नळवाल्याकडे वेळ नव्हता.

निम्म्यावर आल्यावर बायकोचा उजवा पाय खुर्चीच्या पट्टीवरून घसरला आणि लोंबकळू लागला. तिनं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"थांब, थांब! पाय!" मेहुणीनं खाली बसून तो उचलून जागेवर ठेवला. तिचे स्वतःचे गुडघे कामातून गेलेले. उठताना तिनं देवाला आणि नळवाल्याला मिळून एकच शिवी घातली. "नळराजे, पुन्हा सांगते, हा शुद्ध खुळेपणा आहे."

"असू दे."

"वॉर्डात काय सांगून आलास?"

"जरा उन्हात फिरवून आणतो म्हणून."

"ऊन!" मेहुणीनं आभाळाकडे बघितलं. सकाळपासून सूर्याचा पत्ता नव्हता. "सहाच्या आत परत नेलं नाही तर ती परिचारिका तुझी सालटी काढेल. आणि माझीही."

"माहीत आहे मला."

त्याला सगळंच माहीत होतं. झटका येऊन गेल्याला चार महिने होत आले होते. उजवी बाजू लुळी पडली, ते एक वेळ चाललं असतं. पण तेव्हापासून तिच्या तोंडून शब्द म्हणून बाहेर पडला नव्हता. उपचार केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नव्हता. उद्या सकाळी तपासणी. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर म्हणून एखादा जरी शब्द आला तर तिचा पलंग तिथंच राहील आणि बोलायला शिकवणारी बाई रोज येत राहील. नाही आला तर पलंग दुसऱ्याला. रांग मोठी आहे, त्या बिचाऱ्यांचा तरी काय दोष? मग तिची रवानगी शहराबाहेरच्या निवासात.

ते निवास तो बघून आला होता. वाईट नव्हतं, हेच वाईट होतं. सगळं लख्ख. माणसांना वेळच्या वेळी पुसलं जात होतं, भरवलं जात होतं, कुशीवर वळवलं जात होतं. भिंतीला ओळीनं लावलेल्या खुर्च्यांमधून मात्र हूं की चूं नाही, कारण तिथं कुणी कुणाला काही विचारतच नव्हतं. घरी न्यावं तर घर चौथ्या मजल्यावर, जिना असा की कपाट चढवतानासुद्धा दार काढावं लागलं होतं. तिला उठवायला-बसवायला दोन माणसं लागतात. एक तो. दुसरं कोण? मेहुणीचे गुडघे?

तसे उपाय त्यानं सगळे करून पाहिले होते. तिची आवडती गाणी लावली. लग्नातले फोटो दाखवले. शेजारणीच्या कुचाळक्या रंगवून सांगितल्या, ज्या सांगताना त्याला स्वतःलाच लाज वाटली. एकदा तर दार लावून घेऊन तो तिच्याशी चक्क भांडला, तिच्या आईला नावं ठेवली. एरवी एवढ्यावर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. ती खिडकीकडे बघत राहिली. तिची आई म्हणजे मेहुणीचीही आईच, आणि मेहुणी नेमकी दाराबाहेर उभी. त्यानंतर दोन दिवस तिनं त्याच्याशी अबोला धरला. म्हणजे घरात बोलणारं जे एक तोंड शिल्लक होतं तेही बंद झालं.

डॉक्टरीणबाईंना कुठलाही शब्द चालणार होता. नळवाल्याला मात्र एकच हवा होता, आणि तो कुठला हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं. बायको त्याला 'वायसर' म्हणायची. लग्नानंतर त्याच्या खिशांतले नळाचे वायसर तिला धुण्यात सापडायचे, अंथरुणात सापडायचे, एकदा भाताच्या पातेल्यातही सापडला होता. तेव्हापासून त्याचं हेच नाव पडलं. "ए वायसर, दिवा मालव." "ए वायसर, ऐकतोयस ना?" ऐकत नसतानाही तो हूं म्हणायचा.

दारातून आत येताच उबदार हवा अंगावर आली. लाकडी फरशीवर चाकं कुरकुरली. एका दालनात नुसती भांडी, दुसऱ्यात दाढीवाल्या माणसांचे पुतळे. नळवाल्यानं इकडं तिकडं बघितलं. बायकोनं या इमारतीत उभा जन्म काढला, आणि त्यानं मात्र फाटकापलीकडे कधी पाऊल टाकलं नव्हतं. संग्रहालय सोमवारी बंद असायचं आणि त्याची सुट्टीही सोमवारचीच. तिच्याबरोबर मिळावी म्हणून त्यानं ती मालकाशी हुज्जत घालून मागून घेतली होती.

"कुठल्या बाजूला?" मेहुणीनं विचारलं.

"शेवटचं दालन. डाव्या हाताला."

एवढं त्याला ठाऊक होतं. ती त्या दालनाची राखण करायची, आणि त्या दालनात ते चित्र होतं. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीच्या एका मोठ्या शहराचा गजबजलेला रस्ता. ते बघायला लांबलांबून लोक येतात, असं ती सांगायची. रात्री जेवताना तिचं सुरू व्हायचं. आज छत्रीवाल्याचा चेहरा किती पडला होता. पिवळ्या टोपीवालीनं आजही नवऱ्याला मागे टाकलं आणि स्वतः पुढं निघून गेली. त्या दोघी बहिणी पुन्हा भांडल्या. तो एकटा माणूस आहे ना, तो आज रडला. नळवाला एक कान तिच्याकडे आणि एक कान रेडिओकडे ठेवून जेवायचा. चित्रातल्या माणसांभोवती ती रोज नवी गोष्ट गुंफते, दिवसभर एकटी बसून दुसरं करणार काय, असं त्याला वाटायचं. त्याला त्या गोष्टी आवडायच्या, पण तसं त्यानं कधी बोलून दाखवलं नाही. आवडतं ते बोलून दाखवायची त्यांच्या घराण्यात पद्धतच नव्हती.

आता तोच एक आधार उरला होता. ज्या माणसांबद्दल ती रोज बोलली, ती समोर दिसली की जीभ सैल होईल. का होणार नाही?

दालनाच्या दारातच एक लठ्ठ बाई गणवेशात उभी होती. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तिनं खुर्चीतलं माणूस पाहिलं आणि दोन्ही हात तोंडावर नेले.

"अगं माझे बाई! तू?"

बायकोबरोबर तिनं बरीच वर्षं काढली होती. तिनं खाली वाकून बायकोचे गाल धरले, कपाळ कपाळाला लावलं, आणि मग नाक ओढत बाजूला झाली. बायकोनं तिच्याकडेही तसंच पाहिलं, जसं ती हल्ली चमच्याकडे, उशीकडे आणि नळवाल्याकडे पाहायची.

"चित्र दाखवायला आणलंय," नळवाला म्हणाला.

"दाखवा ना. दाखवा. आज गर्दीही नाही."

त्यानं खुर्ची चित्रासमोर नेऊन उभी केली. चाकांना खटका लावला. बायकोच्या खांद्यावरची शाल नीट केली. मग तो स्वतः तिच्या मागं उभा राहिला आणि दोघांनी मिळून समोर पाहिलं. म्हणजे त्यानं पाहिलं.

चित्र मोठं होतं. कुठल्या तरी उंच खिडकीतून खाली बघितल्यावर दिसावा तसा एक रुंद रस्ता. हिवाळी सकाळचा फिकट, धुरकट उजेड. दोन्ही बाजूंना निष्पर्ण झाडं, उंच घरं, दुकानांवर ताणलेली कापडं. मधोमध घोडागाड्यांची रांग, आणि पदपथांवर माणसंच माणसं, काळ्या कपड्यांतली, घाईत असलेली, एकमेकांच्या अंगावर आल्यासारखी. क्षणभर नळवाल्याला चाकांचा खडखडाटही ऐकू आल्यासारखा वाटला.

"बघ," तो वाकून तिच्या कानाशी म्हणाला. "बघ, तुझा रस्ता. तुझी माणसं."

काही नाही.

"छत्रीवाला कुठाय? दाखव बरं मला. बोटानं दाखव. डाव्या हातानं."

तिचा डावा हात मांडीवर पडलेला होता. तो उचलून त्यानं चित्राकडे धरला. सोडल्याबरोबर तो पुन्हा मांडीवर आला.

"बरं, पिवळ्या टोपीवाली? ती कुठाय? नवऱ्याला मागं टाकणारी गं! आज कुठवर पोचली?"

ती दाराकडे बघत होती. दारातून एक जोडपं आत येत होतं. नळवाल्यानं तिची हनुवटी धरून तोंड चित्राकडे वळवलं. ते पुन्हा दाराकडे गेलं. त्यानं पुन्हा वळवलं, जरा जोरातच.

"नको रे," मेहुणी म्हणाली.

"तू गप्प बस!"

जोडप्यानं मागं वळून पाहिलं आणि ते शेजारच्या दालनात सटकलं. मेहुणीनं तोंडाला पदर लावला. एरवी तिला गप्प बस म्हणणाऱ्याची काय बिशाद होती? पण आज ती खरंच गप्प बसली, आणि त्यामुळे नळवाल्याला जास्तच भीती वाटली.

त्यानं आता स्वतःच शोधायला सुरुवात केली. छत्रीवाला सापडला की त्याच्यावर बोट ठेवून दाखवू, हा बघ म्हणू. छत्री कुठंच नव्हती. पिवळं म्हणून काही नव्हतं, एका दुकानाच्या कापडावर थोडंसं सोडलं तर. दोघी बहिणी? जिथं तिथं दोघं-तिघं होती, पण बाई कुठली आणि बुवा कुठला हेच कळेना. रडणारा माणूस शोधायला गेला तर रडायला कुणाला चेहराच नव्हता. नुसते काळे, करडे फटकारे. एकेका माणसाला ब्रशचे दोन-तीन फटके, आणि चालू पड.

"इथं तर कुणीच नाही," तो म्हणाला. मग गणवेशातल्या बाईकडे वळला. "बाई, यात छत्रीवाला कुठाय हो?"

"कोण छत्रीवाला?"

"हिचा. रोज सांगायची ती मला. चेहरा पडलेला असतो त्याचा."

"अच्छा, तो!" बाईचा चेहरा उजळला. "तो गेला की हो. ही आजारी पडल्यावर महिन्याभरानं. त्याची मुलगी आली होती सांगायला."

नळवाल्यानं चित्राकडे बोट केलं.

"चित्रातला?"

"चित्रातला कशाला असेल? इथं यायचा. म्हातारा, छत्री काही दारात ठेवायचा नाही, रोज आमची वादावादी. आणि पिवळ्या टोपीवाली अजून येते. नवरा अजून मागंच असतो." ती हसली, पण नळवाल्याकडे पाहून तिचं हसू तिथंच थांबलं. "तुम्हांला काय वाटलं?"

त्यानं टोपी काढून हातात घेतली.

"अहो, चित्र कुठून बघणार आम्ही?" बाई हळू आवाजात म्हणाली आणि तिनं बोट दाखवलं. चित्राच्या चौकटीला लागून, त्याच भिंतीला पाठ टेकवून एक साधी लाकडी खुर्ची ठेवलेली होती. "ही आमची जागा. इथं बसलं की बघणाऱ्यांची तोंडं दिसतात. चित्र नाही दिसत. दिसायला नकोच, आमची नजर माणसांवर हवी. यात घोडे आहेत हे मला खालच्या दुकानातल्या पोस्टकार्डावरून कळलं, खोटं नाही सांगत."

"पण येता-जाता तरी..."

"येता-जाता चपला काढून पाय चोळावेसे वाटतात, चित्र नाही."

नळवाल्यानं मधल्या बाकावर बसकण मारली. म्हणजे एवढा खटाटोप करून, खोटं बोलून, पायऱ्या चढवून त्यानं बायकोला आणून बसवलं होतं ते तिनं कधी धड पाहिलंही नव्हतं अशा चित्रापुढं. टोमणा मारायची याहून चांगली संधी मेहुणीला जन्मात मिळाली नसती. ती त्याच्या शेजारी येऊन बसली आणि तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. तेव्हा मात्र त्याचा बांध फुटला. हातातली टोपी तोंडावर दाबून तो रडला. मोठा माणूस चारचौघांत रडतो तसं, खाली मान घालून आणि खांदे आवळून.

"उद्या नेतील तिला," तो टोपीतून म्हणाला. "मी काय करू? आता माझ्याकडे काहीच उरलं नाही. तू सांग, काय करू मी?"

"मला कळलं असतं तर सांगितलं नसतं का रे?" मेहुणी म्हणाली. "चल. निघू या. अंधार पडायच्या आत पोचू."

तो उठला. खुर्चीचा खटका काढायला वाकला, तेवढ्यात गणवेशातली बाई पुढं आली.

"एवढी आली आहे तर बसू दे ना दोन मिनिटं तिच्या जागी. पुन्हा कधी येणार?"

पुन्हा कधी नाही, हे तिघांनाही माहीत होतं. नळवाल्यानं बायकोच्या काखेत हात घातले, बाईनं कमरेला धरलं, मेहुणीनं पाय सांभाळले, आणि तिला भिंतीलगतच्या लाकडी खुर्चीत बसवलं. डाव्या बाजूला भिंतीचा कोपरा होता, उजवीकडे बाईनं स्वतःचा कोट गुंडाळून टेकू दिला. बायको बसली. तिनं काही केलं नाही. पाठ मात्र जरा ताठ झाली, पण वॉर्डातल्या खुर्चीतही ती कधी कधी तशी व्हायची. नळवाल्यानं आशा ठेवली नाही. आज त्यानं पुरेशी ठेवून पाहिली होती.

मेहुणी आणि बाई दोघी बाकापाशी जाऊन हळू आवाजात बोलू लागल्या. पथ्यपाणी, झोप, अंगाला चट्टे पडू नयेत म्हणून काय लावता. नळवाला चित्रासमोर एकटाच उरला.

त्याला आता त्या चित्राचा राग आला होता. हेच बघायला लोक समुद्र ओलांडून येतात? तो एक पाऊल पुढं गेला. घोडागाड्या अस्पष्ट झाल्या. आणखी पुढं गेला. झाडं गेली, घरं गेली, पदपथ गेला. नाक कापडाला लागेल इतका जवळ गेला, तेव्हा तर माणूसही उरला नाही. नुसता रंग, जागोजागी थापलेला, वाळून कडक झालेला, सांध्यावर भरलेल्या लांबीच्या लगद्यासारखा. त्यानं आयुष्यभर अंधाऱ्या मोऱ्यांखाली पडून काम केलं होतं, बोटानं चाचपल्याशिवाय त्याला कधी काही उमगलं नव्हतं. त्यानं उजव्या हाताचं बोट वर उचललं.

"साहेब, मागे व्हा."

आवाज घोगरा होता, गंज चढलेला, पण शब्द स्वच्छ होते. त्यानं आधी गणवेशातल्या बाईकडे पाहिलं. ती तोंड उघडं टाकून खुर्चीकडे बघत होती.

बायको त्याच्याकडे पाहत होती. चमच्याकडे पाहावं तसं नाही. चित्राच्या फार जवळ गेलेल्या माणसाकडे पाहावं तसं.

"काय म्हणालीस?" तो तिच्यापुढं गुडघ्यांवर आला. "काय म्हणालीस गं? पुन्हा म्हण. मी आहे. मी. माझं नाव घे. काय म्हणतेस तू मला? म्हण ना!"

तिची नजर त्याच्यावरून सरकून दाराकडे गेली.

"अरे, बोलली! ती बोलली!" मेहुणी हातातली पिशवी उलटीपालटी करत होती. "मोबाईल... मेला कुठं गेला मोबाईल... मी ऐकलं, या बाईंनी ऐकलं, आम्ही साक्षीला येऊ. पण थांब, दाखवायलाच हवं. तू जा पुन्हा! जा जवळ! बोट वर कर!"

नळवाला उठला. तो पुन्हा चित्रापाशी गेला आणि त्यानं बोट उचललं. मेहुणीनं मोबाईल दोन्ही हातांनी समोर धरला.

"साहेब, मागे व्हा."

"मिळालं!" मेहुणी रडत आणि हसत म्हणाली. "झालं! उद्या सकाळी हा डॉक्टरीणबाईच्या नाकापुढं धरते. शब्द हवा होता ना? घ्या म्हणावं, एक मागितला, तीन आणले!"

नळवाला हसला. "मला आजपर्यंत कुणी साहेब म्हटलं नव्हतं," तो म्हणाला. "तिनं तर मुळीच नाही."

गणवेशातली बाई मात्र हसली नाही. ती किल्ल्यांशी चाळा करत होती.

"बोलू की नको कळत नाही," ती म्हणाली, "पण ते आमच्या जिभेवरच असतं हो. दिवसातून शंभरदा म्हणतो आम्ही. मी झोपेत म्हणते, माझा नवरा सांगतो. माझ्या वडिलांना असाच झटका आला होता, त्यांना स्वतःचं नाव येत नव्हतं, पण पाढे घडाघडा म्हणायचे. डॉक्टर म्हणाले, याला बोलणं म्हणत नाहीत. ही सवय."

मेहुणीचा हात हळूहळू खाली आला. "प्रश्नाचं उत्तर हवं, असं म्हणाल्या होत्या त्या," ती म्हणाली. तिनं मोबाईलकडे पाहिलं, तो बंद केला आणि पिशवीत टाकला.

बाहेर अंधारून येत होतं. पलीकडच्या दालनांतून बंद होण्याची घंटा वाजवत कुणीतरी इकडं येत होतं. एकेक दालन रिकामं होत असल्याचं पावलांवरून कळत होतं. नळवाला टोपी हातात घेऊन तसाच उभा होता. त्याला निवासातल्या त्या ओळीनं लावलेल्या खुर्च्या दिसत होत्या.

"चल," मेहुणी म्हणाली. "चल बाबा आता. जेवढं करायचं तेवढं केलंस तू."

तो हो म्हणाला. पण खुर्चीकडे न जाता तो दाराकडे गेला आणि दालनातून बाहेर पडला. मेहुणीला वाटलं, चाकांची खुर्ची न्यायला कुणाला तरी बोलवायला गेला. क्षणभरानं तो पुन्हा दारात दिसला. त्यानं केसांवरून हात फिरवला होता, कोटाची बटणं लावली होती. आत आल्यावर त्यानं इकडं तिकडं मान वर करून पाहिलं, पहिल्यांदाच आलेला माणूस पाहतो तसं, आणि मग चित्राकडे चालत गेला. जवळ. आणखी जवळ.

"साहेब, मागे व्हा."

"हो बाई," नळवाला म्हणाला. "चुकलं माझं." आणि तो दोन पावलं मागं झाला.

बायकोनं मान किंचित हलवली. ठीक आहे, अशा अर्थानं.

"इथून बघू का?" त्यानं विचारलं. "का आणखी लांबून?"

ती त्याच्याकडे बघत होती. कपाळावर आठी पडली होती. डाव्या हाताची बोटं मांडीवर हलली.

"लांबून," ती म्हणाली.

मेहुणीनं बाईचा दंड घट्ट धरला. घंटावाला दारापर्यंत येऊन पोचला होता. गणवेशातल्या बाईनं तिथूनच हात वर करून त्याला थांबवलं.

नळवाला मागं सरत गेला, बाकाच्याही मागं, पार समोरच्या भिंतीला पाठ लागेपर्यंत. तिथून रस्ता पुन्हा रस्ता झाला होता. गाड्या निघाल्या होत्या, लोक घाईघाईनं कुठं कुठं चालले होते. पण तो तिकडं बघत नव्हता.

"काय दिसतं हो बाई इथून?"

तिनं तोंड उघडलं. काही आलं नाही. ओठ जुळले, पुन्हा सुटले. डावा हात मांडीवरून थोडा वर आला आणि हवेतच थांबला. शब्द कुठंतरी खोल होता आणि ती तो शोधत होती, हे दालनातल्या सगळ्यांना दिसत होतं. नळवाला भिंतीला टेकून उभा राहिला. त्यानं तिला घाई केली नाही, काही सुचवलं नाही.

"माणसं," ती म्हणाली.

मेहुणीचा मोबाईल पिशवीत होता, आणि तो काढायचं तिला सुचलंही नाही.

"आणखी?" नळवाल्यानं विचारलं.